साक्षीची वही

तीन वर्षांपूर्वी आमच्या नोंदणी खात्यातील एक जुने सहकारी वारले. बेळगावच्या उपनिबंधक कार्यालयात आणि नंतर जिल्हा कार्यालयात मिळून आम्ही एकवीस वर्षे एकत्र काढली. ते मराठी ख्रिस्ती होते. घराणे मूळचे नगरकडचे, परंतु तीन पिढ्या बेळगावच्या कॅम्पातच गेलेल्या. दिवसभर कन्नड आणि इंग्रजी दस्तांवर शिक्के मारायचे आणि चहाच्या वेळी माझ्याशी मराठीत बोलायचे, असा त्यांचा परिपाठ होता. ते गेल्यानंतर महिन्याभराने त्यांच्या कन्येने मला घरी बोलावले. मेजावर लांब वह्यांची चळत रचून ठेवली होती. ती म्हणाली, "काका, बाबा दर रविवारी रात्री हे लिहीत बसायचे. आईला वाचवत नाही. माझं मराठी बोलण्यापुरतंच. तुम्हीच बघा की जरा, ठेवण्यासारखं आहे का ते."

वह्या एकोणतीस निघाल्या. पहिल्या नोंदीवर १९८४ सालची तारीख, शेवटच्या नोंदीवर २०१९ ची. दर रविवारी देवळात जो उतारा वाचला गेला त्याचा उल्लेख करून खाली पानभर मजकूर: तो उतारा आपल्याला कसा लागला, कुठे अडला, त्या आठवड्यात घरात वा कचेरीत काय घडले आणि त्याचा ह्या वचनाशी काही संबंध आहे काय. कुणाला दाखविण्यासाठी लिहिलेले नव्हे. तरीही प्रत्येक नोंदीखाली त्यांची सही आहे. खात्याची सवय, दुसरे काय.

एकवीस वर्षांत मी ह्या गृहस्थांना त्यांच्या श्रद्धेविषयी एकही प्रश्न विचारला नव्हता, हे त्या वह्या चाळताना प्रथम ध्यानात आले. नाताळला केक खाल्ला, दिवाळीला फराळ पाठविला, आणि ह्यालाच आपण सलोखा म्हणत आलो. विचारणे अप्रशस्त वाटे हे एक कारण. दुसरे कारण कबूल करायला हवे. ह्यांचा धर्म म्हणजे काही तरी इंग्रजी प्रकरण आहे, त्यात मराठी माणसाने जाणून घेण्यासारखे काय असणार, असा एक आळशी समज मनाच्या तळाशी होता. वह्यांतील मराठीने तो समज पहिल्याच दिवशी मोडला. ही भाषा त्यांना कुठून मिळाली, असे शोधू लागलो तेव्हा वाट बाबा पदमनजींकडे गेली. म्हणजे आमच्याच गावात परत आली.

बाबा पदमनजी मुळे यांचा जन्म मे १८३१ मध्ये बेळगावात, एका कासार कुटुंबात झाला. बेळगाव इंग्रजांच्या ताब्यात येऊन तेव्हा जेमतेम तेरा वर्षे झाली होती. लंडन मिशनरी सोसायटीचे काम इथे सुरू झाले होते, आणि ह्या मिशनच्या शाळेत पदमनजी शिकले. रेव्हरंड बेनन यांचे नाव 'बेनन स्मिथ' ह्या शाळेच्या रूपाने बेळगावकरांच्या तोंडी आजही आहे. तथापि त्या काळी त्या परिसरात वावरलेल्या एका मुलाला पुढे मराठी ख्रिस्ती साहित्याचे जनक म्हणू लागले, हे आमच्या पिढीला कुणी सांगितले नाही. मी ज्या शाळेत शिकलो तिथे त्यांचे नाव निघाल्याचे मला आठवत नाही. सीमाभागातील आपण माणसे आपल्या मातीतल्या मराठी माणसांची नावे मोजून मोजून सांगतो. हे एक नाव मोजताना आपले बोट अडखळते, आणि ते का अडखळते हे आपल्याला पुरते ठाऊक असते.

बेळगावातून ते मुंबईला गेले आणि पुढे फ्री चर्चच्या विद्यालयात डॉ. जॉन विल्सन यांच्या मंडळींच्या सहवासात आले. ह्याच काळात परमहंस सभेशी त्यांचा संबंध आला. ही हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण माझ्या मते पदमनजींच्या साऱ्या लेखनाची किल्ली तिच्यात आहे.

१८४९ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत परमहंस सभा काढली. दादोबा म्हणजे मराठीचे व्याकरणकार. त्याआधी सुरतेस मानवधर्म सभेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. परमहंस सभेचे ध्येय मोठे होते: जातिभेद मोडावा, मूर्तिपूजा सोडावी, एका ईश्वराची प्रार्थना करावी. सभासद होताना परजातीच्या हातचा पाव खाऊन दाखवावा लागे. परंतु हे सारे गुप्तपणे चाले. रात्री एकत्र प्रार्थना आणि भोजन, सकाळी जो तो आपापल्या जातीच्या पंगतीत. पुरेसे सभासद जमले की एकदम प्रकट व्हायचे, असा बेत होता. तो दिवस उगवलाच नाही. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीस गेली, आता नावे बाहेर फुटणार म्हणून घबराट उडाली, आणि सभा मोडली. पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा राहिला त्यात ह्या सभेतील काही मंडळी होती, हा भाग वेगळा.

ज्याचा सारा जन्म नोंदवह्यांत गेला त्याला ही कथा फार बोलकी वाटते. एक वही हरवली आणि एक चळवळ संपली! दोष वहीचा नव्हता. वहीत नावे होती, पण ती नावे आपली म्हणून उभे राहण्याची तयारी नावांच्या मालकांची नव्हती. आज त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. वाळीत पडणे म्हणजे काय, बहिणीचे लग्न अडणे, आईने पाणी न पिणे, पिंड देण्याचा हक्क जाणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांनी तो शब्द जपून वापरावा.

ती वही चोरीला जाण्याच्या कितीतरी आधी, १८५४ साली, पदमनजींनी आपल्या जन्मगावी, बेळगावात, उघडपणे बाप्तिस्मा घेतला. वय तेवीस. हा निर्णय योग्य की अयोग्य, ह्याचा निवाडा करण्यासाठी मी हे लिहीत नाही. माझी ती श्रद्धा नाही. मला लक्षणीय वाटते ते एवढेच की गुप्त वहीतला हा माणूस स्वतःहून उघड्यावर आला, आणि त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे स्वतःच्या नावाने छापील अक्षरात बोलत राहिला.

काय आणि किती लिहिले त्यांनी! लहानमोठी पुस्तके शंभरावर भरतात. १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' आले, तेव्हा ते सव्विशीत होते. विधवांच्या हालांचे चित्र काढणारे हे पुस्तक मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण परीक्षेपुरते पाठ केलेले असते. यमुना आणि तिचा पती विनायक प्रवासात ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे पाहतात. पुढे यमुनेवरच वैधव्य येते आणि शेवटी ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. हा शेवट अनेक वाचकांना प्रचारकी वाटतो. मलाही तो कलेच्या दृष्टीने सैल वाटतो. परंतु ज्या वर्षी हे पुस्तक निघाले त्याच्या एकच वर्ष आधी, १८५६ मध्ये, विधवाविवाहाचा कायदा झाला होता आणि समाजात त्याला हिंग लावून कुणी विचारत नव्हते, हेही लक्षात ठेवावे. १८६३ साली त्यांनी मोल्सवर्थच्या प्रचंड मराठी-इंग्रजी कोशाचा संक्षेप केला. नव्या करारावर टीका लिहिली. 'सत्यदीपिका' हे नियतकालिक चालविले, काही वर्षे 'ज्ञानोदय'चे संपादन केले, पुण्यास पाळकाचे काम पाहिले.

ह्या 'ज्ञानोदय'विषयी दोन शब्द. १८४२ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने ते अहमदनगरात सुरू केले. बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'ला तेव्हा दहाच वर्षे झाली होती. एवढ्या आरंभीच्या काळात निघून इतकी दीर्घ वाटचाल केलेले दुसरे मराठी पत्र सहजी सापडणार नाही. आपल्याकडे त्याची आठवण निघते ती बहुधा हिंदू धर्मावरील टीकेसाठी आणि तिला दिल्या गेलेल्या सणसणीत उत्तरांसाठी. ते वाद खरेच झाले, आणि दोन्ही बाजूंनी कडवटपणा झाला. पदमनजींचा 'कृष्ण आणि ख्रिस्त' ह्या तुलनेचा ग्रंथ आज वाचताना मलाही ठिकठिकाणी खुपतो. परंतु वादाच्या धुराळ्यात एक गोष्ट नजरेआड झाली. मराठी गद्यात सामान्य माणसाने 'मी' म्हणून आपल्या श्रद्धेची हकीकत सांगावी, तारीखवार सांगावी, आणि ती छापली जावी, ही सवय इथे रुळत होती.

ख्रिस्ती विषय मराठीला नवा नव्हता. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे छापून निघाले होते. रोमन लिपीतल्या, सुमारे अकरा हजार ओव्यांच्या त्या ग्रंथाविषयी आपल्या गोमंतकीय सदस्यांना मी काय सांगावे! परंतु ते पुराण आहे. सांगणारा आहे, ऐकणारे आहेत, आणि कथा देवाची आहे. सांगणाऱ्याच्या मनात काय कालवाकालव झाली, हा त्याचा विषय नाही. आपल्या संतांच्या अभंगांत ती कालवाकालव भरपूर आहे, पण अभंगाला तारीख नसते. पदमनजींच्या पिढीने ती गद्यात आणली आणि तिला साल-महिना घातला.

त्यांचे आत्मचरित्र 'अरुणोदय' १८८० च्या दशकात आले. बाप्तिस्म्याला तेव्हा तीस वर्षे होऊन गेलेली. अरुणोदय म्हणजे पहाट. आयुष्याचा पूर्वार्ध, घरातले देवधर्म, शाळा, शंका, सभा, आणि अखेर निर्णय. म्हणजे पहाटेची हकीकत लिहिली ती दिवस कलताना. मधल्या काळात हा लेखक गप्प नव्हता. दर महिन्याला लिहीत होता, उपदेश करीत होता, वाद घालीत होता. इतके लिहून झाल्यावर स्वतःच्या आरंभाकडे वळताना त्याने आपल्या बालपणीच्या घराला काळे फासलेले नाही, हा 'अरुणोदय'चा मला सर्वांत भावलेला गुण. जे सोडले त्याविषयी तो सविस्तर बोलतो, नावानिशी बोलतो. परमहंस सभेच्या आतल्या वहिवाटीची माहिती इतिहासकारांना आज मिळते तीही बऱ्याच अंशी ह्याच पुस्तकातून. चोरीला गेलेल्या वहीची उणीव एका उघड वहीने भरून काढली म्हणा ना. पुढे १८९० मध्ये त्याचा इंग्रजी अवतारही निघाला. त्याखेरीज 'अनुभवसंग्रह' ह्या नावानेही त्यांनी पुस्तक काढले. ते नावच पाहा. सिद्धान्त नव्हे, अनुभव; आणि तोही एक नव्हे, संग्रह.

वर्षानुवर्षे लिहिण्याचे एक वेगळेच फळ पंडिता रमाबाईंच्या ठायी दिसते. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. १९०७ मध्ये, म्हणजे चोवीस वर्षांनी, केडगावच्या मुक्तिसदनातून त्यांनी आपली साक्ष इंग्रजीत प्रसिद्ध केली. तीत त्या सांगतात की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. ते आठेक वर्षांनी उमगले. ज्यासाठी आप्तस्वकीयांचा आणि साऱ्या महाराष्ट्राचा रोष पत्करला, ते पहिल्या आठ वर्षांत आपल्याला नीट कळलेच नव्हते, असे छापून सांगायला छाती लागते. विरोधकांच्या हाती आयते कोलीत देण्यासारखेच ते होते. रमाबाईंनी दिले. पहिली नोंद खोडली नाही, तिच्याखाली दुसरी नोंद केली.

आमच्या खात्यात हाच नियम आहे. नोंदवहीत चूक झाली तर ती खरवडून काढायची नसते. मूळ मजकूर वाचता येईल अशी ठेवून दुरुस्ती करायची आणि तिच्यावर सही करायची.

रेव्हरंड टिळकांविषयी इथे फार लिहीत नाही, कारण आपल्या वाचकांना ते आणि लक्ष्मीबाई घरच्यासारखे आहेत. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, १९१२ पासून १९१९ मध्ये निधन होईपर्यंत 'ज्ञानोदय'चा मराठी भाग त्यांनी सांभाळला, आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. लक्ष्मीबाई १९०० मध्ये त्यांच्यामागून गेल्या आणि 'स्मृतिचित्रे' लिहून पतीच्याही पुढे गेल्या. १९३४ ते १९३६ ह्या काळात ते पुस्तक भागाभागांनी आले आणि महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतले. आनंदच आहे. पण मनात येते, की 'स्मृतिचित्रे'त संसार होता, विनोद होता, फजिती होती, म्हणून आपण ते साहित्य मानले. 'अरुणोदय'मध्ये श्रद्धेचाच विचार होता, म्हणून ते मिशनच्या कपाटात राहू दिले. ह्यात वाङ्मयीन निकष किती आणि आपली अढी किती? फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिकाचे संपादन वीसहून अधिक वर्षे केले, बायबल सुबोध मराठीत आणले, तरी २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली तेव्हा त्यांच्या मराठीपेक्षा त्यांच्या धर्माचीच चर्चा अधिक झाली. २०२४ मध्ये ते गेले. पदमनजींचे निधन १९०६ चे. मधल्या शंभराहून अधिक वर्षांत अढी किती सैल झाली, ते ज्याचे त्याने पाहावे.

आता पुन्हा त्या वह्यांकडे येतो. ख्रिस्ती मंडळींत 'साक्ष' ह्या शब्दाला विशेष अर्थ आहे: देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते चारचौघांत सांगणे. आमच्या कचेरीतही दिवसभर साक्षीचाच व्यवहार. एकदा एका खरेदीखतावर सही करायला आलेला साक्षीदार घाबरून मागे सरला, मजकूर खोटा निघाला तर आपण अडकू म्हणून. तेव्हा माझ्या ह्या मित्राने त्याला समजावले होते, "अहो, साक्षीदार मजकुराची हमी देत नाही. देणाऱ्याने तुमच्यासमोर सही केली, एवढंच तुम्ही सांगताय." त्या वेळी मला ते खात्यापुरते वाटले. नंतर १९९१ च्या एका नोंदीत हाच प्रसंग लिहिलेला आढळला. खाली त्यांनी लिहिले होते की आपलीही साक्ष बहुधा ह्याच प्रकारची आहे. साऱ्या मजकुराची हमी देण्याइतके आपल्याला कळत नाही. आपण हजर होतो, एवढे मात्र आपण सांगू शकतो.

वह्यांत सगळेच असे उंचीचे नाही. पुष्कळ रविवार कंटाळवाणे आहेत. पाळकसाहेबांचे प्रवचन लांबले, देवळाच्या छपराची वर्गणी कुणी दिली नाही, असल्या तक्रारी आहेत. बढती हुकली तेव्हाच्या तीन नोंदी वाचताना, त्या वेळी मी त्यांच्या बाजूने एक शब्द बोललो नव्हतो हे आठवून वही मिटावी लागली. काही ठिकाणी समासात वेगळ्या शाईने नंतरचे शेरे आहेत, तारखेसह. १९८६ च्या एका ठाम विधानाशेजारी २००३ सालचा शेरा: "हे मी तेव्हा ऐकलेले लिहिले." एवढेच. विधान तसेच ठेवले आहे.

आणि १९९६ ची वही. त्या वर्षी त्यांचा थोरला मुलगा तापाने गेला. अकरा वर्षांचा होता. मी अंत्ययात्रेला गेलो होतो, आठवडाभर त्यांचे काम ओढले होते. मग ते कचेरीत आले, आम्ही पाऊसपाण्याच्या गोष्टी बोललो, आणि तो विषय पुन्हा निघाला नाही. वहीत त्या वेळच्या सात रविवारांची सात पाने आहेत. प्रत्येक पानावर तारीख आहे आणि खाली सही आहे. मध्ये एक अक्षर नाही. आठव्या रविवारी पुन्हा उताऱ्याचा उल्लेख येतो आणि दोन ओळी येतात. त्या मी इथे देणार नाही.

सर्व वह्या वाचायला मला चार महिने लागले. खात्याच्या पद्धतीने यादी केली: वहीचा क्रमांक, पहिली तारीख, शेवटची तारीख, पानांची संख्या, अवस्था. मग त्या घेऊन कॅम्पातल्या त्यांच्या घरी गेलो. मुलगी परगावी गेलेली होती, वहिनी एकट्याच होत्या. त्यांना यादी वाचून दाखविली. मुलीने विचारले होते त्याचे उत्तर म्हणून, ठेवा, सगळ्या ठेवा, असे सांगितले. वहिनींनी मान हलविली. चहा झाला. मी उठलो तेव्हा त्यांनी विचारले, "शहाण्णव सालच्या वहीत काही पानं कोरी आहेत ना?"

मी म्हटले, "आहेत. सात."

"ती तशीच राहू द्यात," त्या म्हणाल्या. "मी रोज रात्री त्यांच्या शेजारी बसत होते."